झिर्कोनियाला टाकी: 30 वॅटचा मोपा फायबर लेझर इम्प्लांटच्या कामाला किती पुरतो?

पाटा वापरून वापरून गुळगुळीत झाला की त्याला टाकी लावून घ्यावी लागते, नाहीतर वाटण नुसतं घसरतं. दातांच्या इम्प्लांटचंही तसंच आहे. आरशासारख्या पृष्ठभागाला हाड नीट धरत नाही. सरासरी खडबडीतपणा 1 ते 2 मायक्रॉनच्या दरम्यान असला की चांगलं धरतं, हे टायटॅनियमच्या बाबतीत केव्हाच ठरून गेलंय. टायटॅनियमवर कणांचा मारा करायचा, मग आम्लात बुडवायचं, झालं. झिर्कोनिया, म्हणजे इम्प्लांटसाठी वापरतात ते पांढरं सिरॅमिक, मात्र साध्या आम्लाला दाद देत नाही. त्याला गरम हायड्रोफ्लोरिक आम्ल लागतं, आणि ते काही वर्कशॉपच्या बेसिनशेजारी ठेवायचं रसायन नव्हे. म्हणून लेझरकडे नजर जाते: आम्ल नाही, पृष्ठभागात रुतून बसणारे अ‍ॅल्युमिनाचे कण नाहीत, आणि हवी ती नक्षी हव्या त्या जागी.

हे परीक्षण टेबलावर मावणाऱ्या 30 वॅटच्या मोपा (स्पंदाची, म्हणजे पल्सची, लांबी बदलता येणाऱ्या) फायबर लेझर मार्किंग यंत्राचं आहे. एखाद्याच ब्रँडचं नाव घेण्यात अर्थ नाही, कारण या वर्गातली बहुतेक यंत्रं सारख्याच भागांची जुळणी असतात: लेझर सोर्स, दोन आरशांचं गॅल्व्हो हेड, एफ-थीटा लेन्स, कंट्रोल कार्ड आणि इझीकॅडसारखं सॉफ्टवेअर. हॉलमार्किंग केंद्रात दागिन्यावर सहा अक्षर-अंकांचा एचयूआयडी कोरतात ते यंत्र याच कुळातलं, आणि चाकण-भोसरीत पार्टवर नंबर टाकतात तेही याच. त्यामुळे दुरुस्ती करणारा मिळतो, सुटे भाग मिळतात आणि ऑपरेटरला शिकवायला फार दिवस लागत नाहीत. साधं 20 वॅटचं यंत्र दोन-तीन लाखांच्या आसपास पडतं, मोपा त्याहून महाग. सोर्स कुठला आणि हमी किती, यावर भाव हलतो.

निकाल आधीच सांगून टाकतो. झिर्कोनियावर चरी पाडायला हे यंत्र पुरेसं आहे आणि चरी सुबक पडतात. चरीच्या तळाखाली मायक्रॉन-दोन मायक्रॉनच्या कातडीत जे घडतं ते मात्र हे यंत्र दाखवत नाही आणि सावरतही नाही. त्यासाठी भट्टी, ऑटोक्लेव्ह (दाबाच्या वाफेचं निर्जंतुकीकरण यंत्र) आणि एक्स-रे डिफ्रॅक्शन (स्फटिकाचं रूप ओळखणारी एक्स-रे चाचणी) लागतं. या तिघांची सोय हाताशी नसेल तर यंत्र घेऊन फक्त शोभेचे नमुने तयार होतील.

लेन्स आधी बदला

यंत्राबरोबर बहुतेक वेळा 160 मिमीची लेन्स येते, 110 बाय 110 मिमी क्षेत्राची. चार मिमी व्यासाच्या इम्प्लांटला एवढं मैदान काय करायचंय? बीम 7 मिमी आणि त्याचा गुणवत्ता अंक 1.4 धरला, तर या लेन्सखाली लेझरचं टिंब सुमारे 43 मायक्रॉनचं पडतं. शंभर मिमीची लेन्स लावली की तेच 27 मायक्रॉनवर येतं, आणि क्षेत्र 70 बाय 70 मिमी उरतं, जे भरपूर झालं. सोळा बिटच्या कार्डावर या क्षेत्रात आरशाची एक पायरी साधारण 1 मायक्रॉनची होते, म्हणजे चरींमधलं अंतर ठरवताना कार्ड आडवं येत नाही.

हाडाच्या आणि हिरडीच्या पेशी पसरल्या की काही दहा मायक्रॉनच्या होतात. 30 ते 40 मायक्रॉनच्या अंतराने पाडलेल्या चरी त्यांना दिशा द्यायला पुरतात. बायोहोरायझन्स कंपनीच्या टायटॅनियम इम्प्लांटच्या कॉलरवर (हिरडीलगतच्या मानेवर) लेझर-लॉक नावाची 8 मायक्रॉनच्या चरींची नक्षी असते. ती बघून तसलंच काम या यंत्राकडून मागायला जाऊ नये. 27 मायक्रॉनच्या टिंबातून 8 मायक्रॉनची चर निघत नाही. तितकं बारीक हवं असेल तर छोट्या तरंगलांबीचा, फार छोट्या स्पंदाचा लेझर लागतो, नाहीतर दोन किरण एकमेकांवर टाकून त्यांच्या व्यतिकरणाने पट्टे उमटवण्याची पद्धत. ती जर्मनीत ड्रेस्डेन आणि सारलँडच्या प्रयोगशाळांनी चांगली घोटली आहे.

फोकस शोधायला यंत्रावर लाल दिव्यांची दोन टिंबं असतात, ती एकावर एक आली की फोकस लागला असं समजायचं. दागिन्याला ते चालतं, इथे नाही. काळ्या अ‍ॅनोडाइज्ड अ‍ॅल्युमिनियमची पट्टी एका बाजूने 2 मिमी उचलून तिरकी ठेवावी, तिच्यावर एक लांब रेघ मारावी आणि रेघ सर्वांत बारीक कुठे आहे ते भिंगाखाली बघावं. ती उंची म्हणजे खरा फोकस. 100 मिमीच्या लेन्सखाली वर-खाली साधारण 0.4 मिमीपर्यंत टिंब फारसं पसरत नाही, पण हेड वर-खाली करणाऱ्या स्क्रूला ढिलाई असली तर तेवढा फरक हात काढताकाढताच पडतो. स्वस्त जुळणीतला हा सर्वांत त्रासदायक दोष आहे. स्टँडचा खांब हाताने हलवून बघा. हलला तर दुसरं यंत्र बघा.

सेटिंग, आणि पहिल्या फेरीत काहीच का दिसत नाही

झिर्कोनियाचा बँड गॅप (प्रकाश शोषायला लागणारी किमान ऊर्जा) 5 ते 6 इलेक्ट्रॉनव्होल्टचा. 1064 नॅनोमीटरच्या प्रकाशकणाची ऊर्जा 1.17. म्हणजे या रंगाचा लेझर शुद्ध झिर्कोनियात शिरतो, कणांच्या सीमांवर विखुरतो आणि बराचसा निघून जातो. जे शोषण होतं ते दोषांच्या जागी, ओरखड्यांत, आधीच्या स्पंदाने सोडलेल्या खुणेत. म्हणून चकचकीत पॉलिश केलेल्या तबकडीवर रेघेची सुरुवात कोरी राहते आणि मध्येच एकदम रेघ पेटते. ऑपरेटर घाबरून पॉवर वाढवतो, आणि मग जिथे आधीच पेटलेलं असतं तिथे खड्डा पडतो. पॉवर वाढवायची असेल तर पाच-पाच टक्क्यांनी वाढवा. त्याहून बरं म्हणजे पृष्ठभागावर साध्या पेन्सिलीच्या ग्राफाइटचा पातळ हात द्यावा. पहिली फेरी सगळीकडे सारखी धरते आणि उरलेला कार्बन नंतर भट्टीत जळून जातो. मार्कर पेनची शाई वापरू नये, रंगद्रव्यात काय धातू आहे कोण जाणे.

तीन मोल टक्के इट्रियाच्या (झिर्कोनियाला स्थिर ठेवायला मिसळतात ते ऑक्साइड), पूर्ण सिंटर केलेल्या (भट्टीत तापवून घट्ट केलेल्या) झिर्कोनियावर सुरुवात करायला हे आकडे ठीक पडतील: स्पंद 20 नॅनोसेकंद, वारंवारता 200 किलोहर्ट्झ, सरासरी 9 वॅट, वेग सेकंदाला 2000 मिमी, दोन चरींत 40 मायक्रॉन, पाच फेऱ्या. हिशेब असा. 9 वॅट भागिले 2 लाख स्पंद, म्हणजे प्रत्येक स्पंदात 45 मायक्रोज्यूल. 27 मायक्रॉनच्या टिंबावर ते सरासरी 8 ज्यूल प्रति चौरस सेंटिमीटर होतात, मध्यभागी त्याच्या दुप्पट. दोन टिंबांमध्ये 10 मायक्रॉन, म्हणजे 63 टक्के एकमेकांवर. हे आकडे पाठ करण्यापेक्षा हिशेबाची रीत लक्षात ठेवलेली बरी, कारण प्रत्येक यंत्राचं टिंब वेगळं निघतं. आणि सॉफ्टवेअरमधले 30 टक्के म्हणजे प्रत्यक्षातले 30 टक्के असतातच असं नाही; लेन्सखाली पॉवर मीटर धरून एकदा तक्ता करून भिंतीवर चिकटवावा. शिवाय मोपा सोर्सला छोट्या स्पंदावर पूर्ण शक्ती फक्त ठरावीक वारंवारतेच्या वरच देता येते. ती सीमा सोर्सच्या माहितीपत्रकात असते, यंत्र विकणाऱ्याच्या पत्रकात नसते.

मोपाचे जास्तीचे पैसे का द्यायचे, तर या स्पंदाच्या लांबीसाठी. साध्या क्यू-स्विच्ड सोर्सचा स्पंद 100 नॅनोसेकंदांच्या आसपास पक्का बसवलेला असतो. झिर्कोनियात तेवढ्या वेळात उष्णता सुमारे 0.6 मायक्रॉन खाली उतरते; 20 नॅनोसेकंदांत 0.27 मायक्रॉन. प्रत्यक्षात स्पंदावर स्पंद पडतात, प्रकाशही आत शिरलेला असतो, त्यामुळे भाजलेली कातडी याहून जाड निघते. पण तुलनेत मोपा पुढेच राहतो. हा फरक मार्किंगला कवडीचा नाही, इम्प्लांटला मात्र तोच सगळा आहे.

आता सॉफ्टवेअरची एक खोड. तीन मिमी रुंदीच्या कॉलरवर आडव्या-उभ्या छोट्या रेघा मारताना आरसे 2000 चा वेग गाठायच्या आधीच रेघ संपते. दोन्ही टोकांना वेग कमी, स्पंद दाट, म्हणून टोकाला खड्डे आणि मध्ये उथळ चर. स्टार्ट टीसी आणि एंड टीसी या विलंबांशी खेळून थोडं सुधारतं, पण खरा उपाय म्हणजे रेघ दोन्ही बाजूंना 2 मिमी जास्त काढायची आणि जिथे नको तिथे तांब्याच्या पातळ पत्र्याचा मास्क लावायचा. हॅचिंग (समांतर रेघांची भरण) एकाच दिशेचं ठेवा. जाता-येता मारल्यास वेळ निम्मा होतो खरा, पण एकाआड एक चर किंचित सरकते आणि जोड्या-जोड्या दिसायला लागतात. पाच फेऱ्या त्याच चरीत पडायच्या असतील तर यंत्र अर्धा तास आधी चालू करून ठेवावं. थंड गॅल्व्हो तापताना हळूहळू सरकतो आणि चरीची एक भिंत खचल्यासारखी होते.

गोल वस्तूवर

चक आणि स्टेपर मोटरची रोटरी बहुतेक विक्रेते वेगळ्या किमतीला देतात. सपाट तबकड्यांवर शिकायचं असेल तर लागत नाही. इम्प्लांटच्या आकाराच्या दांडीवर काम करायचं तर लागतेच, आणि इथे आकडेमोड चुकली की सगळी नक्षी बिघडते. चार मिमी व्यासाचा घेर 12.57 मिमी. अक्षाच्या दिशेने 40 मायक्रॉनवर चरी हव्या असतील तर 314 चरी बसतात. मोटर मात्र एका फेऱ्यात 3200 पायऱ्या टाकते, आणि 3200 ला 314 ने पूर्ण भाग जात नाही. मग काही चरींमध्ये 10 पायऱ्या, काहींमध्ये 11, आणि शेवटी सांध्यावर एक चर दुसरीच्या अंगावर. त्यापेक्षा सरळ 320 चरी घ्याव्या: प्रत्येकीला बरोबर 10 पायऱ्या, अंतर 39.3 मायक्रॉन. पेशीला 0.7 मायक्रॉनचा फरक कळत नाही, सांधा मात्र नाहीसा होतो.

वक्रतेची फार चिंता करू नये. एका वेळी 1 मिमी रुंदीची पट्टी केली तर कडेला उंची फक्त 64 मायक्रॉनने कमी होते, फोकसच्या हिशेबात ते काहीच नाही. चिंता करायची ती आट्यांची. आट्याचा उतार 60 अंशांनी कललेला असेल तर तिथे तीच ऊर्जा दुप्पट जागेवर पसरते, म्हणून माथ्यावर खोल चर आणि उतारावर नुसता ओरखडा. आट्यांच्या उतारावर सारखी नक्षी हवी तर दांडी तिरकी धरून दोन बाजूंनी वेगळी काम करावी लागते, आणि या यंत्राला ती सोय नाही. खटपट करून फिक्स्चर बनवता येतं, पण मग दर नमुन्याला जाणारा वेळ पाहता हे यंत्र कॉलरच्या भागासाठी आणि तबकड्यांसाठीच बरं.

चरीच्या तळाशी

इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शीखाली 2000 पटीवर नॅनोसेकंद लेझरची चर बघितली तर कडेला वितळून साचलेला काठ दिसतो, त्यावर धुरातून परत बसलेले बारीक गोळे, आणि तळाला आटलेल्या तळ्यातल्या गाळासारख्या जाळीदार भेगा. कारण सरळ आहे. झिर्कोनिया सुमारे 2700 अंश सेल्सिअसला वितळतो आणि त्याची उष्णतावाहकता जेमतेम 2 ते 3 वॅट प्रति मीटर-केल्विन. वरची कातडी वितळलेली, एका मायक्रॉनवर खाली जवळपास थंड. वरचं थिजताना आकसतं, खालचं आकसू देत नाही, आणि ताणाने वरचा थर तडकतो.

या भेगा किती खोल चालतील? फ्रॅक्चर टफनेस (भेग पुढे जायला होणारा विरोध) 5 मेगापास्कल-मूळ-मीटर आणि ताकद 1000 मेगापास्कल धरली तर साधारण 6 मायक्रॉन खोलीपर्यंतची खाच ही ताकद खाली आणत नाही, कारण घासकामाचे तेवढे दोष त्यात आधीच गृहीत असतात. पण इथे खोली मोजायची ती चर अधिक भेग अशी. दहा मायक्रॉनची चर आणि तिच्या तळाशी 2 मायक्रॉनची भेग, असा 12 मायक्रॉनचा दोष एकटा असेल तर ताकद 730 च्या आसपास येते. शेजारी-शेजारी असलेल्या चरी एकमेकींचा ताण थोडा वाटून घेतात, म्हणून प्रत्यक्षात थोडं बरं निघतं. तरीही चर 5 मायक्रॉनच्या आत ठेवायची, हा नियम पाळलेला चांगला. खोल चर फोटोत देखणी दिसते, म्हणून विक्रेते डेमोत खोलच करून दाखवतात.

दिशेचाही प्रश्न आहे, आणि त्यावर बहुतेक माहितीपत्रकं गप्प असतात. चावताना इम्प्लांट वाकतो, म्हणजे ताण अक्षाच्या दिशेने येतो. घेराभोवती फिरणाऱ्या चरी या ताणाला बरोबर आडव्या जातात आणि सर्वांत धोक्याच्या ठरतात. अक्षाच्या दिशेच्या उभ्या चरी जवळजवळ निरुपद्रवी. पण हिरडीच्या बाजूने विचार केला तर आडव्या चरीच हव्या असतात, कारण इम्प्लांटच्या कडेने वरून खाली सरकणारा हिरडीच्या त्वचेचा थर अडवायचा तो त्यांनीच. ताकदीला आणि हिरडीला जे हवं ते एकाच भागात मिळत नाही. मधला मार्ग म्हणजे आडव्या चरी फक्त कॉलरच्या वरच्या भागात, वाकण्याचा ताण जिथे कमी तिथे, आणि खोली 2 ते 3 मायक्रॉन. आणखी एक अडचण उरतेच: हिरडीच्या वर उघड्या राहणाऱ्या भागाचा खडबडीतपणा 0.2 मायक्रॉनच्या वर गेला की जंतूंचा थर जास्त साचायला लागतो. म्हणून नक्षी हिरडीच्या आतच संपली पाहिजे, अर्धा मिमीही वर आलेली चालणार नाही.

भट्टी आणि म्हातारपण

लेझरखालून निघालेला नमुना राखाडी-काळा दिसतो. ग्राहक याला जळालं म्हणतो. प्रत्यक्षात उष्णतेने झिर्कोनियातला काही ऑक्सिजन उडून गेलेला असतो, त्या रिकाम्या जागा प्रकाश शोषतात. हवेत तापवलं की ऑक्सिजन परत येतो आणि नमुना पांढरा होतो. पण पांढरा झाला म्हणजे बरा झाला असं नव्हे.

मुख्य मुद्दा वेगळाच. ताकदवान झिर्कोनिया हा टेट्रागोनल नावाच्या स्फटिकरूपात अडकवून ठेवलेला असतो. ताण किंवा ओलावा मिळाला की तो मोनोक्लिनिक या दुसऱ्या रूपात जातो आणि 4-5 टक्के फुगतो. भेगेच्या टोकाशी हे फुगणं उपकारक, भेग आवळली जाते; 1975 साली गार्वी, हॅनिंक आणि पास्को यांनी याच गुणावरून या सिरॅमिकची तुलना पोलादाशी केली होती. पण पृष्ठभागावर ओलाव्याने हळूहळू होणारं हेच रूपांतर म्हणजे म्हातारपण, आणि लेझरने तडकलेल्या, ताणात असलेल्या कातडीत ते लवकर सुरू होतं. 2000-01 च्या सुमारास खुब्याच्या सांध्यात बसवलेले झिर्कोनियाचे काही गोळे थोड्याच काळात फुटले. माल तोच होता, फक्त सिंटरिंगच्या भट्टीची पद्धत बदलली होती. प्रक्रियेतला एक बदल किती महागात पडतो याचा धडा या धंद्यात अजून विसरलेला नाही.

उपाय म्हणून 1200 अंशांना एक तास, हवेत. दातांच्या लॅबमध्ये क्राउन सिंटर करायची जी भट्टी असते, 1450 ते 1530 अंशांची, तीच चालते. फक्त नवा प्रोग्राम टाकायचा. मिनिटाला 5 अंशांनी चढवलं तर वर जायला चार तास लागतात, उतरणही तशीच संथ ठेवायची, आणि 400 च्या खाली आल्याशिवाय दार उघडायचं नाही. मोनोक्लिनिक झालेला भाग परत टेट्रागोनल होतो, ताण निघतो. एक गोम आहे: कणांच्या माऱ्याने पृष्ठभागावर जो दाबाचा उपयुक्त थर तयार होतो तोही याच तापवण्यात जातो. आधी मारा, मग लेझर, मग भट्टी असा क्रम ठेवून दोन्हींचा फायदा मिळेल असं समजणारे फसतात. आणि भेगा मात्र भट्टीत बुजत नाहीत, 1200 अंश त्याला कमी पडतात.

भट्टीआधी नमुना स्वच्छ करणं आवश्यक: अल्ट्रासॉनिकमध्ये अ‍ॅसिटोन, मग इथेनॉल, मग डिस्टिल्ड पाणी, प्रत्येकी 10 मिनिटं. न धुता खडबडीतपणा मोजला तर चरीऐवजी धूळच मोजली जाते.

म्हातारपणाची चाचणी घरच्या घरी होऊ शकते, ही या सगळ्यातली सुखाची गोष्ट. आयएसओ 13356 या मानकात वाफेत 134 अंश, 0.2 मेगापास्कल, 5 तास अशी कसोटी आहे, आणि त्यानंतर मोनोक्लिनिकचं प्रमाण 25 टक्क्यांच्या वर जाता कामा नये. 134 अंश म्हणजे दंतवैद्याच्या ऑटोक्लेव्हचंच तापमान. अठरा मिनिटांच्या 17 फेऱ्या केल्या की पाच तास भरतात. मानकात हे सलग करायचं आहे, त्यामुळे प्रमाणपत्राला हा जुगाड चालणार नाही, पण वाईट सेटिंग वेगळी काढायला पुरतो. या तापमानाचा एक तास शरीरातल्या तीन-चार वर्षांच्या बरोबरीचा धरतात.

मोजायचं एक्स-रे डिफ्रॅक्शनने. तांब्याच्या नळीवर टेट्रागोनलचं शिखर 30.2 अंशांना, मोनोक्लिनिकची 28.2 आणि 31.3 ला. विद्यापीठाच्या सामायिक उपकरण केंद्रात नमुना देताना ग्रेझिंग अँगलने (किरण पृष्ठभागाला घासून जातील इतक्या तिरक्या कोनात) मोजा असं लिहून द्यावं. नेहमीच्या पद्धतीत किरण सुमारे 5 मायक्रॉन आत जातात, आपली बिघडलेली कातडी एक मायक्रॉनची. वरच्या थरात 40 टक्के मोनोक्लिनिक असलं तरी अहवालात 10 च्या आत दिसू शकतं, आणि मग सगळे खूश.

कच्च्यावर काम करण्याची वाट

या यंत्राचा खरा उपयोग आम्हाला इथे दिसतो. मिलिंगची झिर्कोनिया तबकडी, 98.5 मिमी व्यासाची, अर्धसिंटर अवस्थेत खडूसारखी असते. तिच्यावर चरी पाडून मग पूर्ण सिंटर केलं तर लेझरच्या उष्णतेचा बराचसा दोष सिंटरिंगमध्ये निवळतो. शक्ती अगदी कमी लागते. 2-3 वॅटपासून सुरू करावं, नाहीतर खडू उकरल्यासारखे टवके उडतात. आकुंचनाचा हिशेब डोक्यात ठेवावा. तबकडीवर 1.25 असा गुणक छापला असेल तर शेवटी 40 मायक्रॉन अंतर हवं असताना आत्ता 50 ठेवायचं, खोलीही त्याच पटीत. लॅबमध्ये क्राउन काढून उरलेले तुकडे यासाठी फुकटात मिळतात. फक्त ते 3 मोल टक्क्यांचे आहेत ना एवढं विचारून घ्या. समोरच्या दातांसाठी वापरतात तो 5 टक्क्यांचा पारदर्शक माल जवळपास रूपांतर पावत नाही आणि ताकदही कमी, त्यावरचे निष्कर्ष इम्प्लांटला लागू होत नाहीत. उलट बाजूही आहे: तयार इम्प्लांट सिंटर झाल्यावर घासून मापात आणायचा असेल तर कच्च्यावर काढलेली नक्षी घासकामात निघून जाते. ज्या भागाला घासायचं नाही त्यालाच ही वाट.

कोणी घ्यावं

डेंटल कॉलेजचा किंवा मटेरिअल सायन्सचा विभाग असेल, भट्टी आणि डिफ्रॅक्शन जवळ असेल, तर जरूर घ्यावं. फेम्टोसेकंद लेझरने तळाशी वितळण्याचा प्रश्न जवळपास मिटतो, पण ते यंत्र कोटीच्या भाषेत बोलतं. आधी यावर चार-सहा महिने हात बसवून कुठली नक्षी हवी ते ठरवलं तर फेम्टोसेकंद यंत्रावर भाड्याने घेतलेले तास वाया जात नाहीत. इम्प्लांट बनवणाऱ्याने हे नमुन्यांपुरतं वापरावं, उत्पादनाला नाही. क्राउन-ब्रिज करणाऱ्या लॅबने मात्र पैसे वाचवावेत. झिर्कोनियाच्या आतल्या बाजूला सिमेंट नीट चिकटावं म्हणून लेझर घ्या असा सल्ला विक्रेते देतात. 50 मायक्रॉनच्या अ‍ॅल्युमिनाचा कमी दाबाचा मारा आणि एमडीपी (झिर्कोनियाला रासायनिकरीत्या चिकटणारा घटक) असलेला प्रायमर ते काम कितीतरी स्वस्तात करतो.

आणि अर्थातच, लॅबमध्ये नक्षी काढलेला इम्प्लांट थेट कोणाच्या जबड्यात जाणार नाही. 2017 च्या मेडिकल डिव्हाइस नियमांत इम्प्लांट क वर्गात येतो, केंद्रीय परवाना लागतो. त्यासाठीच्या आयएसओ 14801 च्या थकवा चाचणीत इम्प्लांट 30 अंश तिरका धरून, हाड 3 मिमी झिजलंय असं समजून 50 लाख वेळा दाबतात. 15 हर्ट्झवर चालवलं तरी एका नमुन्याला चार दिवस जवळपास सलग जातात.

सुरक्षेच्या बाबतीत या वर्गातल्या यंत्रांना नापास करावं लागतं. चौथ्या वर्गाचा, डोळ्यांना न दिसणारा लेझर, आणि यंत्र चहूबाजूंनी उघडं. बरोबर येणारा हिरवा चष्मा 1064 नॅनोमीटरला किती रोखतो हे त्याच्यावर छापलेलं नसेल तर तो फेकून द्या आणि ओडी (प्रकाश रोखण्याची क्षमता) 6 किंवा जास्तीचा घ्या. पेटी बनवून घ्यावी, दाराला इंटरलॉक बसवावा. झिर्कोनियाचा धूर म्हणजे नॅनोकण. टेबल फॅन लावून ते खोलीभर पसरवू नयेत, तोंडाशी हेपा फिल्टरचा सक्शन पाइप हवा. लेन्सवरची संरक्षक काचही दर आठवड्याला बघावी, तिच्यावर पांढरी पूड बसली की शक्ती घटते आणि ऑपरेटर विनाकारण सेटिंग बदलत बसतो.

डेमोला जाताना स्वतःच्या 3 टक्के झिर्कोनियाच्या, आरशासारख्या पॉलिश केलेल्या दहा तबकड्या न्याव्या, 12 ते 16 मिमी व्यासाच्या आणि 1.2 मिमी जाडीच्या, म्हणजे पुढे त्याच तबकड्या ताकदीच्या चाचणीलाही चालतात. विक्रेत्याच्या स्टीलच्या कार्डावरची नक्षी बघू नये. पाच तबकड्यांवर त्याला हवं तसं करू द्यावं, पाचवर वर दिलेलं सेटिंग लावायला सांगावं आणि दर तबकडीमागे पेन्सिलने नंबर न लिहिता वेगळ्या पाकिटात ठेवावी, कारण ती नंतर भट्टीत जाणार आहे आणि पेन्सिलीचा नंबर तिथे जळून जातो. पैशांचा चेक द्यायचा तो ऑटोक्लेव्हच्या चाचणीनंतरच.